सुभद्राबाईंचा बिनतारी ठोका

नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात मी आयुष्यभर नोकरी केली असं सांगितलं, की समोरचा माणूस लगेच आपली जुनी दुखणी सांगायला लागतो. मग घाईघाईने खुलासा करावा लागतो, की बाबा, मी डॉक्टर नव्हतो. मी यंत्रं दुरुस्त करायचो. जिन्याखाली एक खोली होती. तिला खिडकी एकच आणि तीही धोबीघाटाकडे उघडणारी. तिथे मी, एक टेबल, एक डाग द्यायची सोल्डरिंग आयर्न आणि रुग्णालयातली सगळी बिघडलेली यंत्रं असा आमचा संसार होता. त्याआधी सीताबर्डीवर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होतो, म्हणून वॉर्डातल्या सिस्टर मला शेवटपर्यंत 'रेडिओवाले' म्हणायच्या.

यंत्रांपेक्षा माणसांच्याच गमती जास्त. ईसीजी काढताना पट्ट्या नीट लागल्यात की नाही हे बघायला मला बोलवायचे. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "या कागदावर मनातलं तर नाई उमटत नं? बायको बाजूलेच उभी हाये." नाही उमटत म्हटल्यावर त्यांची नाडी एकदम सुधारली.

पण मला सांगायचं आहे ते सुभद्राबाईंबद्दल.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. हृदयाच्या वॉर्डाचे मोठे डॉक्टर एक दिवस स्वतः माझ्या खोलीत आले. एरवी ते चिठ्ठी पाठवत. त्यांच्यामागे पन्नाशीकडे झुकलेली एक बाई, नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. आणि तिच्यामागे धोतर-टोपीतला तिचा नवरा. बाईंच्या कमरेला साबणाच्या डबीएवढा एक डबा बांधलेला होता आणि त्यातून एक वायर पोलक्याखाली गेली होती.

"हे मशीन समजून घ्या," डॉक्टर म्हणाले. "बाईंचं हृदय स्वतःहून फार मंद चालतं. मध्येच रेंगाळतं आणि त्या चक्कर येऊन पडतात. मुंबईला ऑपरेशन झालं आहे. पण हा बाहेरचा डबा आता बरोबर चालत नाही, आणि विलायतेहून दुसरा यायला किती महिने लागतील सांगता येत नाही."

आज पेसमेकर म्हटलं की सगळ्यांना कळतं. छातीत एक चपटी डबी बसवतात, बॅटरी आतच असते आणि माणूस ते विसरूनही जातो. तेव्हा आतल्या बॅटऱ्या लवकर संपायच्या आणि संपली की पुन्हा चिरफाड. म्हणून काही जणांना निराळी तऱ्हा बसवत. बरगड्यांवर, कातडीच्या आत, तांब्याच्या बारीक तारेचं एक वेटोळं. तिथून हृदयापर्यंत तार. बॅटरी मात्र बाहेर, कमरेच्या डब्यात. डब्यातून निघालेलं दुसरं वेटोळं कातडीवर बरोबर त्या जागी चिकटवायचं. बाहेरच्या वेटोळ्यात वेगाने उलटसुलट होणारी वीज सोडली की आतल्या वेटोळ्यात आपोआप वीज जागी होते, मध्ये एकही तार नसताना. तिचा हलकासा धक्का हृदयाला बसतो आणि ते ठोका देतं.

"म्हंजे बिनतारी," नवरा म्हणाला. त्यांचं नाव मोतीरामजी. कापड गिरणीत काम करून निवृत्त झालेले.

"हो, बिनतारी."

"मंग ही वायर काहून हाये?"

मी म्हटलं, फक्त कातडीपुरतं बिनतारी. त्यांनी मान डोलावली, पण त्यांची थोडी निराशा झाल्याचं दिसलं.

डबा उघडून मी एक खराब झालेला भाग बदलला आणि तो चालू लागला. बाई निघाल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "भाऊ, आता मी रोट्या करू शकतो नं?"

नागपूरकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' म्हणतात, हे बाहेरच्या वाचकाने ध्यानात घ्यावं. आणि रोट्या म्हणजे लांब रोट्या. कणीक मळून, तिंबून इतकी सैल करायची की ती हातावरून ओघळते. मग तो गोळा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत खेळवत लुगड्याच्या पदराएवढा पातळ करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायचा. सुभद्राबाईंचा यात सक्करदऱ्यापासून महालापर्यंत लौकिक होता. लग्नाची तारीख ठरली की मंडपवाल्याआधी लोक त्यांच्याकडे जात.

डॉक्टर म्हणाले, "रोट्या विसरा. घरात बसून हलकी कामं करा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांपेक्षा यंत्रवाल्याचं मत त्यांना मोलाचं वाटत असावं. मी आपला पेचकस शोधू लागलो.

हिवाळाभर काही तक्रार आली नाही. चैत्र उजाडला आणि एके दिवशी सकाळीच मोतीरामजी सायकल दामटत आले. "साहेब, थे पडली."

पुतणीच्या लग्नात बाई चुलीपाशी बसल्याच होत्या. कोणाला विचारलंही नाही. पहिल्या दोन-तीन रोट्या झोकात झाल्या. मग घामाने चिकटपट्टी सुटली, वेटोळं सरकलं आणि हातात अर्धी रोटी असताना बाई बाजूला कलंडल्या. नशिबाने चुलीवर नाही. मोतीरामजींनी वेटोळं जागेवर दाबून धरलं आणि थोड्या वेळात त्यांनी डोळे उघडले.

"उघडल्याबरोबर काय म्हणते माहीत हाये? म्हणते, मडकं करपून राहिलं, उतरवा."

वॉर्डात त्या पलंगावर बसल्या होत्या, गाल फुगवून. डॉक्टर रागावलेले. "मी नाही म्हटलं होतं ना?"

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुमी मले जिवंत ठेवलं. कायच्यासाठी ठेवलं थे सांगा नं."

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. नंतर व्हरांड्यात मला म्हणाले, "चिकटपट्टीपेक्षा बरं काही करता येईल का? करायला सांगत नाहीये. विचारतोय."

मी हो म्हणून बसलो. मला वाटलं, पट्टीचाच प्रश्न आहे.

तो पट्टीचा प्रश्न नव्हता. हे समजायला मला फार दिवस लागले. मुलाला झोका देताना आपण बरोबर वेळ साधून धक्का देतो, मग थोड्या जोरातही झोका उंच जातो. वेळ चुकली की जोर वाया. दोन वेटोळ्यांचंही तसंच असतं. बाहेरचं आतल्याच्या तालाला अगदी बरोबर लावलं की थोड्या विजेत काम होतं. विलायती डबा तसाच लावलेला होता, एकदम काटेकोर. पण तो लावणाऱ्याने सुभद्राबाईंना पाहिलेलं नव्हतं. वेटोळं बोटभर सरकलं की जोर कमी. चुलीजवळ डबा तापला की आतल्या सुट्या भागांची मोजमापं बदलतात, मग तालही बदलतो. आणि गंमत म्हणजे, ठोका नीट मिळू लागल्यावर बाईंची तब्येत सुधारली होती. त्या अंगाने भरल्या. दोन वेटोळ्यांमधलं अंतर वाढलं.

हे मी त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजे मी जाडी झाली म्हणून मशीन रुसली?"

"थोडं तसंच."

"आता हिच्यासाठी उपाशी नाई राहणार मी," त्यांनी निकाल दिला.

मी नवा डबा करायला घेतला. टेबलावर दोन वेटोळी, त्यांच्या मध्ये लाकडाच्या फळ्या. एक फळी, दोन फळ्या, तीन. सरकवायचं, मोजायचं. फळ्यांवर सगळं छान जमायचं आणि बाईंच्या छातीवर लावलं की बिघडायचं. कारण माणूस लाकडाचा नसतो. त्यात पाणी आहे, मीठ आहे. आता टेबलावर माणूस कुठून आणायचा?

तो माणूस परातीतून आला. बाई तपासणीला आल्या होत्या आणि डॉक्टरांना आपली कला दाखवावी, म्हणजे त्यांचं मन वळेल, या हिशेबाने मळलेली कणीक ओल्या फडक्याखाली घेऊन आल्या होत्या. डॉक्टर थिएटरमध्ये होते, म्हणून परात माझ्या टेबलावर ठेवून बसल्या. मी सहज बोट खुपसून पाहिलं. मऊ, ओली, गार.

"बाई, यात मीठ आहे?"

"मीठ नाई टाकलं तर तुटून जाईन नं ते."

मी तिचा एक जाड थापा करून दोन वेटोळ्यांच्या मध्ये ठेवला. काटा फळीवर दाखवायचा त्यापेक्षा निराळा आकडा दाखवू लागला, आणि तो बाईंच्या अंगावर मिळायचा त्याच्या अगदी जवळ होता. आणखी मीठ घातलं, आणखी जवळ. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून कणकेच्या सुभद्राबाई केल्या, बारीक, मध्यम आणि लग्नाच्या हंगामातल्या. त्या थापायच्या, मी मोजायचो. तेवढ्यात डॉक्टर दारात आले. यंत्रांच्या टेबलावर पीठ, माझ्या मिशीला पीठ.

"इथं काय पंगत आहे?" त्यांनी विचारलं.

"नाई साहेब," बाई गंभीरपणे म्हणाल्या, "माह्या छातीची परीक्षा होऊन राहिली."

त्या कणकेने मला वाट दाखवली. बाहेरचं वेटोळं मी मोठं केलं, तळहाताएवढं, थोडं लांबट, बरगड्यांवर बसेल असं. त्यामुळे ते इकडेतिकडे सरकलं तरी आतलं लहान वेटोळं त्याच्या आवाक्यातच राहायचं. आणि ताल मुद्दाम ढिला ठेवला. कोणत्याच एका जागी पहिल्यासारखा जोर मिळेना, पण कुठेही सरकलं तरी पुरेसा मिळत राहिला. याची किंमत म्हणजे बॅटरी जास्त खाल्ली जाणार. डॉक्टरांना ते पटेना.

"आधी आठवडा जायची ती आता अर्ध्यातच संपेल. ही सुधारणा कशी?"

मी म्हटलं, "बॅटरी संपायला आली की डब्यावरचा दिवा मंद होतो. ते मोतीरामजींना दिसतं. वेटोळं सरकलेलं कोणालाच दिसत नाही."

त्यांनी डबा उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "लावून पाहू."

चिकटपट्टी बाईंनीच रद्द केली. पोलक्याच्या आतून दुहेरी कापडाचा खिसा आणि पाठीवरून फिरणारा पट्टा त्यांनी स्वतः शिवला. पहिल्या पट्ट्याने नवीनच तमाशा झाला. तो इतका घट्ट होता की वेटोळं फार जवळ दाबलं गेलं, जोर गरजेपेक्षा जास्त होऊ लागला आणि छातीचे स्नायूही त्या धक्क्याला साथ देऊ लागले. बाईंना ठोक्याठोक्याला उचकी लागली. वॉर्डातल्या बायका म्हणाल्या, कोणी तरी आठवण काढतंय. बाई उचकी देत म्हणाल्या, "एवढी आठवण... काढणारं... मरो बाप्पा!" मी जास्तीचा जोर परस्पर छाटून टाकणारा एक लहानसा भाग डब्यात बसवला. तेव्हा कुठे फार जवळ आणि फार लांब, दोन्ही बाजू बंद झाल्या.

मग खरी परीक्षा. ती रुग्णालयात घेता येईना, कारण वॉर्डात चूल पेटवायला मेट्रन तयार नव्हत्या. शेवटी ऐन वैशाखात, भर दुपारी, डॉक्टर आणि मी सक्करदऱ्याला बाईंच्या घरी गेलो. अंगणात चूल, तिच्यावर मडकं, आसपास शेजारणी. सावलीतसुद्धा अंग भाजत होतं. मी मोतीरामजींचा ट्रान्झिस्टर मागून घेतला आणि दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवून बाईंच्या जवळ लावला. डबा धक्का सोडायचा तेव्हा रेडिओत 'टिक' वाजायचं. मोतीरामजी हरखले.

"हिचं हृदय रेडिओवर लागून राहिलं!"

"हृदय नाही, डबा," मी म्हटलं. "डबा बोलतो एवढंच रेडिओ सांगतो. आत ऐकू गेलं की नाही ते नाडीवर कळेल."

पण नाडी पाहायची कुठे? दोन्ही हात तर कणकेत. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं, पँट जरा वर ओढली आणि सरळ जमिनीवर बसून बाईंच्या पायावर, घोट्याच्या पुढे, बोटं ठेवली.

बाईंनी पाय झटक्यात मागे घेतला. "असं काय करता जी! एवढे मोठे डॉक्टर, माह्या पायाले हात लावता? मले पाप लागन नं!"

"पायालाही नाडी असते," डॉक्टर म्हणाले. "पाप लागलं तर औषध देतो. पाय पुढे करा."

शेजारणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाईंनी मान दुसरीकडे फिरवून पाय पुढे केला. मग पहिला गोळा उचलला. इतके दिवस मी या कामाची मोजमापं घेत होतो, पण ते कधी पाहिलं नव्हतं. गोळा या हातावरून त्या हातावर, मग मनगटावर, मग कोपरावर. प्रत्येक फेऱ्याला तो लांब होत जायचा आणि त्यातून पलीकडचं ऊन दिसू लागायचं. बाईंचे खांदे, छाती, सगळं त्याबरोबर हलत होतं. माझं वेटोळं त्या हालचालीत कुठे कुठे फिरत असेल याचा विचार करून मी रेडिओचा आवाज वाढवला.

रेडिओ म्हणत होता, टिक. डॉक्टर मान हलवत होते. टिक, मान. टिक, मान.

रोटी मडक्यावर पडली. दुसरी झाली. तिसरीला बाई रंगात आल्या आणि हात डोक्याच्याही वर गेले. टिक वाजलं आणि डॉक्टरांची मान हलली नाही.

"एक चुकला," ते हळू आवाजात म्हणाले.

मी उठलो. पुन्हा टिक. मान हलली. पण मला आता दिसलं होतं. हात वर गेले की पोलकं वर ओढलं जायचं आणि त्याबरोबर खिसाही. मी बाईंना थांबायला सांगितलं. पट्टा पोलक्यापासून सुटा करून अंगालाच बांधायला हवा होता. बाई एका शेजारणीला घेऊन आत गेल्या. सुई-दोरा, कात्री, आतून कुजबुज आणि हसणं. आम्ही तिघं पुरुष बाहेर चुलीकडे बघत बसलो. डॉक्टरांनी तोवर पहिली रोटी तुपाशी संपवली आणि दुसरीकडे हात नेला.

बाई परत आल्या, बसल्या आणि न सांगता पाय पुढे केला. त्यानंतर त्यांनी परात रिकामी होईपर्यंत रोट्या टाकल्या. घामाने पोलकं अंगाला चिकटलं, डबा हाताला चटका बसावा इतका तापला, दोनदा त्या ठसक्याने वाकून खोकल्या. डॉक्टरांची मान एकदाही चुकली नाही. शेवटची रोटी उतरल्यावर ते उठले. पायाला मुंग्या आल्यामुळे मोतीरामजींच्या खांद्याला धरून उभे राहिले.

"एका बैठकीला एवढ्याच," ते बाईंना म्हणाले. "आणि शेजारी कोणीतरी नाडी पाहणारं हवं."

"हे हायेत नं," बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "आतापावेतो रिकामेच बसून राहायचे मांडवात."

त्यानंतर कित्येक लग्नांत नागपूरच्या लोकांनी ते दृश्य पाहिलं आहे. बाई रोट्या करताहेत आणि टोपी घातलेला एक माणूस गंभीर चेहऱ्याने त्यांचा पाय धरून बसला आहे. वरपक्षाकडचे लोक बिचकायचे. मोतीरामजी मात्र कोणालाही खुलासा करत नसत.

मी त्या डब्याचे पुढे आणखी दोन प्रकार केले. नोकरीत मी हजार वस्तू दुरुस्त केल्या असतील, पण त्या सगळ्या दुसऱ्याने बनवलेल्या. स्वतःचं असं एवढंच. त्याचं कौतुक कुठे छापून आलं नाही, आणि तसा डबा लागणारा दुसरा रुग्णही आमच्याकडे कधी आला नाही. कारण काळ बदलला. जास्त टिकणाऱ्या बॅटऱ्यांचे नवे पेसमेकर आले, आणि ऐंशीच्या दशकात डॉक्टरांनी बाईंना नवा बसवायचं ठरवलं.

ऑपरेशनच्या वेळी मी थिएटरात होतो, तोंडाला फडकं बांधून. माझं काम एकच. नवा आत बसला, तारा जोडल्या, की डॉक्टर खूण करणार आणि मी माझा डबा बंद करायचा. इतकी वर्षं तो बंद पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटणावर अंगठा ठेवला. तो काही केल्या दाबला जाईना.

"करा," ते म्हणाले.

मी केला. पडद्यावरची हिरवी रेघ सरळ गेली, अजून थोडी सरळ गेली, आणि मग उसळली. पुन्हा उसळली. डॉक्टरांनी नुसती मान हलवली, सक्करदऱ्याच्या अंगणात हलवायचे तशीच. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम झालं, हे खरं सांगतो.

महिनाभराने मोतीरामजी माझ्या खोलीच्या दारात उभे. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, दम लागलेला. इतक्या वर्षांच्या सवयीने मी खुर्चीवरून उठलोच. "काय झालं? बाई पडल्या?"

"पडन कायले? न्हाऊन राहिली."

"म्हणजे?"

"डॉक्टरनं काल टाके पाहिले अन् सांगितलं, आता डोक्यावरून पाणी घ्या. सकाळपासून न्हाणीत हाये. साहेब, इतके वर्षं तिनं कमरेच्या वर ओल्या फडक्यानं पुसूनच काढलं. केस धुवायचे तर वाकून बसायची अन् मी लांबूनच पाणी टाकायचो, थे तुमचं मशीन भिजू नये म्हणून."

मी कणीक मोजली होती, घाम मोजला होता, चुलीची धग मोजली होती. हे मला कधी सुचलंच नव्हतं, आणि बाईंनीही कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"मग तुम्ही इकडे कसे?" मी विचारलं.

"आडाचं पाणी ओढून ओढून माहे हात गेले. तीनदा बंब पेटवला. म्हटलं, दोन बादल्या भरून ठेवावं अन् जरा दम घ्यावा." त्यांनी टोपीने तोंड पुसलं. मी चहा मागवला. तो त्यांनी बशीत ओतून घाईघाईने, फुंकर न मारताच संपवला आणि उठले.

"बसा की थोडं."

"नाई जी," मोतीरामजी सायकलकडे वळत म्हणाले, "बादल्या सरल्या असन."